निकाल लागेपर्यंत

परीक्षेविषयीं आमच्या ह्या वार्षिकांत आजवर पुष्कळ लिहून झालें आहे. अभ्यास कसा करावा, वेळेची आंखणी कशी असावी, उत्तरें कशीं लिहावीं, ह्यांवर आमच्या शिक्षकबंधुभगिनींनीं वेळोवेळीं उत्तम मार्गदर्शन केलें आहे. परंतु शेवटची उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हातीं दिल्यापासून निकाल लागेपर्यंत जे दिवस जातात, त्यांविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. जणूं काय त्या काळांत कोणास कांहीं करावयाचें नसतेंच! आमचें मत निराळें आहे. ते दिवस म्हणजे दुसरी एक परीक्षाच होय, आणि तिला विद्यार्थी एकटा बसत नाहीं. त्याचे आईबाप, काका-मामा, शेजारीपाजारी आणि, सांगावयास संकोच वाटतो, त्याचे जुने शिक्षकहि त्याच्या बरोबर बसलेले असतात. मागें एकदां आम्ही स्वतः त्या परीक्षेस बसलों आणि साफ नापास झालों. ती हकीकत आधीं सांगतों, म्हणजे हा लेख लिहिण्याचें कारण वाचकांच्या ध्यानीं येईल.

आमच्या शाळेंतून दहावी उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आणि एका हिशेबतपासनिसांच्या कचेरींत उमेदवारी करून तो सनदेच्या अखेरच्या परीक्षेस बसला. परीक्षा होऊन पांच आठवडे लोटले. निकाल जवळ आला एवढें सर्वांस ठाऊक होतें; दिवस मात्र अद्याप जाहीर झाला नव्हता. एका सोमवारीं सकाळीं त्याच्या मोबाइलवर निरोप आला कीं आज सायंकाळीं सहा वाजतां निकाल लागणार. निरोपावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेचें बोधचिन्ह होतें आणि खालीं कोणाची तरी सही होती. मग काय विचारतां! आईनें खिरीसाठीं दोन लिटर दूध जास्त घेतलें. नागपुराहून आत्याबाईंचा फोन आला. वडील कचेरींतून लवकर घरीं आले. सहा वाजले, सात वाजले, रात्रीचे दहा वाजले. निकाल कांहीं लागला नाहीं. त्या गडबडींत दूध तापवावयाचें राहिलें आणि सकाळपर्यंत नासलें. तें पाहून आईच्या डोळ्यांस पाणी आलें. तिला तो अपशकुनच वाटला.

गुरुवारीं दुसरा निरोप आला कीं निकाल पंधरा दिवस पुढें गेला. शुक्रवारीं तिसरा आला कीं यंदां दुसऱ्या ग्रुपांत शंभरांत तिघेच उत्तीर्ण आहेत. ज्याचा निकालच लागलेला नाहीं त्याचा आंकडा बाहेर आला कसा, हें त्यानें विचारलें नाहीं. त्या ग्रुपच्या एका पेपरांत तो अडखळला होता, म्हणून त्यास तो निरोप खरा वाटला. पुढच्याच आठवड्यांत एका चांगल्या कंपनींत त्याची मुलाखत ठरली होती. निकालाची वाट न पाहतां या, असें त्या लोकांनीं स्वतः होऊन कळविलें होतें. शुक्रवारीं रात्रीं अकरा वाजतां त्यानें त्यांस लिहून टाकलें कीं मी येऊं शकत नाहीं.

आतां आमचा भाग. त्याच शुक्रवारीं सायंकाळीं मंडईंत त्याचे वडील आम्हांस भेटले. आम्हीं क्षेमकुशल विचारलें, आणि लगेच म्हटलें, "यंदां निकाल फार कडक आहे म्हणे. ऐकलेंत का?" आम्हीं तरी हें कोठें ऐकलें होतें? न्हाव्याच्या दुकानांत शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका गृहस्थाच्या तोंडून! त्या गृहस्थाचें नांवहि आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु वडिलांनीं घरीं जाऊन मुलास सांगितलें, "अरे, सरहि तेंच म्हणत होते." मोबाइलवरील निरोपास ह्याहून मोठी साक्ष ती कोणती हवी?

दहा दिवसांनीं निकाल लागला. दुसऱ्या ग्रुपांत तो उत्तीर्ण झाला होता. पहिला ग्रुप मात्र चार गुणांनीं गेला होता, आणि तो त्यास पुन्हां द्यावा लागणार होता. शंभरांत तीन हा आंकडा कोठेंच नव्हता. मुलाखतीची जागा तोंवर दुसऱ्या कोणास मिळाली होती. ती जागा निकालानें नेली नाहीं. ती अफवेनें नेली, आणि त्या अफवेवर आमची सही होती.

शाळेची परीक्षा आणि सनदेची परीक्षा ह्यांत एक मोठा भेद आहे, तो आमच्या लहान वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. शाळेच्या परीक्षेनें पुढची इयत्ता मिळते. सनदेच्या परीक्षेनें व्यवसाय करण्याचा अधिकार मिळतो. चार्टर्ड अकौंटंटांचें उदाहरण घेऊं. ह्या व्यवसायाचा कायदा १९४९ सालीं झाला आणि त्याच वर्षाच्या १ जुलै रोजीं त्याचें नियमन करणारी संस्था अस्तित्वांत आली. तिच्या परीक्षांच्या फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल अशा तीन पायऱ्या आहेत. वरच्या दोन पायऱ्यांवर प्रत्येक पेपरांत शेंकडा ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत शेंकडा ५० मिळावे लागतात. तीन पेपरांपैकीं दोहोंत उत्तम गुण मिळाले आणि तिसऱ्यांत ३९ च मिळाले, तर तो ग्रुप पदरांत पडत नाहीं. वकिलीचेंहि आतां तसेंच झालें आहे. कायद्याची पदवी घेतली, वकिलांच्या यादींत नांव नोंदविलें, कीं काळा डगला चढविण्यास हरकत नसे. परंतु २०११ पासून बार कौन्सिल ऑफ इंडिया नव्या वकिलांची अखिल भारतीय परीक्षा घेऊं लागली, आणि अशी परीक्षा घेण्याचा तिचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १० फेब्रुवारी २०२३ रोजीं मान्य केला.

ह्या निकालांवर केवळ टक्केवारी अवलंबून नसते. दारावरची पाटी, पहिली मिळकत, कर्जाचे हप्ते, लग्नाचीं बोलणीं आणि धाकट्या भावंडांचें शिक्षण हीं सारीं त्या एका दिवसाशीं बांधलेलीं असतात. ज्याचें जळतें त्याला कळतें. म्हणून अशा घरांतील तरुणास "एवढें काय घाबरावयाचें?" असें विचारणें हें अज्ञानाचें लक्षण आहे. त्याची चिंता खरी आहे. खोटी असते ती अफवा; आणि ह्या दोहोंतील नातें नीट ओळखलें पाहिजे.

अफवा कशी जन्मते ह्याचा शास्त्रशुद्ध विचार पूर्वींच झालेला आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९४७ सालीं अफवेच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं एक सोपा नियम मांडला आहे. अफवेचा जोर दोन गोष्टींवर ठरतो. पहिली, ती बाब ऐकणाऱ्यास किती महत्त्वाची आहे. दुसरी, त्या बाबींतील माहिती किती संदिग्ध आहे. ह्या दोहोंची बेरीज करावयाची नाहीं, गुणाकार करावयाचा. आमच्या पांचवीच्या मुलांसहि ठाऊक आहे कीं कोणत्याहि संख्येस शून्यानें गुणिलें असतां उत्तर शून्य येतें. दूरच्या कोण्या स्टेशनावर आगगाडी उशिरां आली कीं नाहीं हें आपणांस ठाऊक नसतें. पण आपलें तिच्यावांचून कांहीं अडत नाहीं, म्हणून आपल्या आळींत तिच्याविषयीं अफवा उठत नाहीं. उद्यां सूर्य उगवेल कीं नाहीं ही बाब फार महत्त्वाची. पण तेथें संदेह नाहीं, म्हणून तेथेंहि अफवा नाहीं. निकालाच्या बाबतींत मात्र दोन्ही अंक मोठे असतात. महत्त्व म्हणाल तर आयुष्याचें; आणि संदेह म्हणाल तर दिवस कोणता, वेळ कोणती, पेपर कसे तपासले, गुण किती, सर्वच बाबतींत. गुणाकार काय येईल तो वाचकांनींच करून पाहावा.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतील आहे, आणि तें वाचून आम्ही स्वतः विचारांत पडलों. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत मोठा भूकंप झाला. त्यानंतर लोकांत ज्या अफवा पसरल्या त्या जमुना प्रसाद ह्या अभ्यासकांनीं गोळा केल्या आणि त्यांवरील निबंध १९३५ सालीं प्रसिद्ध केला. आपणांस वाटेल कीं घाबरलेल्या माणसांनीं एकमेकांस धीर देणाऱ्या गोष्टी सांगितल्या असतील. परंतु पुष्कळशा अफवा ह्याच्या अगदीं उलट होत्या: ह्याहून मोठें संकट येणार आहे, वादळ होणार आहे, अमुक दिवशीं प्रलय होणार आहे! पुढें १९५७ सालीं लिऑन फेस्टिंजर ह्या मानसशास्त्रज्ञानें त्या नोंदींचा मार्मिक उलगडा केला. ज्यांस धक्का जाणवला, परंतु ज्यांच्या गांवीं घरें पडलेलीं नव्हतीं, अशा लोकांच्या मनांत भीति तर येऊन बसली होती. पण तिला शोभेल असें कारण डोळ्यांस दिसत नव्हतें. तें कारण अफवेनें पुरविलें.

निकालाच्या अफवांकडे ह्या दृष्टीनें पाहा, म्हणजे त्या बहुधा वाईटच कां असतात तें कळेल. पेपर कडक तपासले, संस्थेनें ठरवूनच थोडे उत्तीर्ण केले, एका केंद्राच्या उत्तरपत्रिका गहाळ झाल्या. अधूनमधून वाढीव गुण मिळणार अशी गोड वार्ता येते. पण ती एका दिवसांत विरते. तरुणाच्या पोटांत गोळा आलेला असतो. तो कां आला हें त्यास धड सांगतां येत नाहीं. तेवढ्यांत कोणी म्हणतो, "शंभरांत तीन." त्यास वाटतें, बरोबर, म्हणूनच मला भीति वाटत होती! मन चिंती तें वैरी न चिंती म्हणतात तें असें. अफवेनें त्याची भीति जागविली नाहीं. भीतीनें अफवेस घरांत घेतलें, तिला पाट मांडला आणि वर पाहुणचारहि केला.

ह्यावर कोणी म्हणेल कीं अफवेनें एवढें बिघडतें काय? चार दिवस बोलतील, निकाल लागला कीं विसरतील. आमचें उत्तर असें कीं अफवा विसरली जाते, पण तिच्या भरांत घेतलेला निर्णय विसरतां येत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याची मुलाखत परत आली नाहीं. अशाच दिवसांत कोणी उमेदवारीची कचेरी सोडतो, कोणी पुढच्या वेळचा फॉर्म भरावयाचा टाळतो, कोणा मुलीचें पुढचें शिक्षण "आतां पुरे" म्हणून थांबविण्यांत येतें. आणि कोणी ह्या भांबावलेपणाचा फायदा घेऊन निकाल आधीं सांगतों, गुण वाढवून देतों असें म्हणत पैसे मागतो. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण आपण हंसून सांगतों. पण त्या भटणीस लागलेला मार कांहीं खोटा नसतो.

दुसरा एक आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. चिंता करूं नका असा उपदेश करावा, म्हणजे अफवा आपोआप मरतील, असें पुष्कळ वडील मंडळींस वाटतें. ह्या बाबतींत अमेरिकेंतील एक अभ्यास फार उद्बोधक आहे. तेथील कॅलिफोर्निया राज्यांत वकिलीच्या सनदेची परीक्षा जुलैंत होते आणि निकाल नोव्हेंबरांत लागतो. म्हणजे सुमारें चार महिने उमेदवार अधांतरीं लोंबत असतात. केट स्वीनी ह्या विदुषींनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा २३० उमेदवारांच्या मनःस्थितीचा त्या महिन्यांत पाठपुरावा केला आणि आपला निबंध २०१६ सालीं प्रसिद्ध केला. चिंता आवरण्यासाठीं त्या मंडळींनीं जे जे उपाय केले, त्यांनीं चिंता फारशी हटली नाहीं. उलट, जे वाट पाहतांना तळमळले, ज्यांनीं वाईटाचीहि तयारी मनाशीं ठेविली, त्यांनीं अपयशाची वार्ता अधिक धीरानें सोसली आणि यशाचा आनंदहि त्यांस अधिक झाला. पुढील अभ्यासांत असेंहि दिसलें कीं ज्या कामांत माणूस स्वतःस विसरून रंगतो, असें काम हातीं असलें म्हणजे हे दिवस कांहींसे सुसह्य होतात.

ह्यावरून आम्ही दोन गोष्टी शिकलों. एक ही कीं "काळजी करूं नकोस" हे शब्द कितीहि मायेनें उच्चारले तरी त्यांचा उपयोग थोडा. काळजी ही त्या दिवसांची सोबतीणच आहे आणि तिच्यापासून कांहीं हितहि होतें. दुसरी ही कीं काळजी आणि अफवा ह्या एक नव्हेत. स्वतःच्या मनाशीं "मी नापास झालों तर काय करीन?" असा विचार करणारा तरुण उद्यांची वाट शोधीत असतो. "शंभरांत तीन" हें ऐकून हातपाय गाळणारा तरुण आजची वाट बंद करीत असतो. पहिला विचार त्याचा स्वतःचा आहे. दुसरा उसना आहे, आणि तोहि कोणाकडून घेतला हें त्यास ठाऊक नाहीं.

आतां उपायाकडे वळूं. अफवा हा गुणाकार असेल, तर दोहोंपैकीं एक अंक लहान करणें हाच उपाय. संदेहाचा अंक लहान करणें हें परीक्षा घेणाऱ्यांचें काम आहे; महत्त्वाचा अंक आवरणें हें घराचें काम आहे.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. हजारों उत्तरपत्रिका तपासावयाच्या, गुणांची बेरीज दोनदां पाहावयाची, चूक राहूं द्यावयाची नाहीं, हें काम किती कष्टाचें आहे तें आम्हां शिक्षकांस अनुभवानें ठाऊक आहे. घाईनें लावलेल्या चुकीच्या निकालापेक्षां उशिरां लागलेला बिनचूक निकाल केव्हांहि बरा. तथापि निकालाचा नेमका दिवस आधीं सांगतां आला नाहीं, तरी "अमुक तारखेपूर्वीं निकाल लागणार नाहीं" एवढें एक वाक्य परीक्षा संपतांच सांगण्यास अडचण कोणती? त्या एका वाक्यानें तोंवरच्या साऱ्या सोमवारांच्या आणि गुरुवारांच्या अफवा जागच्या जागीं मरतील. पेपर कसे तपासले ह्या संदेहाचेंहि तसेंच. उमेदवारास माहितीच्या अधिकाराखालीं आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहतां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ च्या ऑगस्ट महिन्यांत दिला. निकालानंतर शंका उरली तर ती विचारण्याचा राजमार्ग अशा रीतीनें उघडा झालेला आहे. तो असतांना निकालापूर्वीं आडवाटेनें हिंडण्याचें कारण नाहीं.

परंतु संस्थांस दोष देऊन आपण मोकळे होणें हें न्यायाचें होणार नाहीं. कॅलिफोर्नियांतील निकालाचा दिवस आधीं जाहीर असतो. तरी तेथील उमेदवारांची चिंता संपली नाहीं. कारण गुणाकाराचा दुसरा अंक घराघरांत वाढत असतो. पालकहो, आपल्या मुलानें परीक्षा दिली ह्याचा आपणांस अभिमान आहे, तो असावाच. पण निकालाच्या आदल्या महिन्यांत आपण त्याच्याशीं दुसरें काय बोलतां, ह्याचा एकदां हिशेब मांडून पाहा. जेवतांना निकाल, झोपतांना निकाल, पाहुणे आले कीं निकाल. "लागला का?" हा प्रश्न विचारणाऱ्यास एकदांच विचारावा लागतो, ज्याला उत्तर द्यावयाचें त्याला तो दिवसांतून वीसदां ऐकावा लागतो. निकाल लागला म्हणजे तो मुलगा किंवा ती मुलगी स्वतः होऊन सांगणार नाहीं काय? न सांगितलें तर न विचारण्यांतच आपलें शहाणपण आहे, असें समजावें. त्या महिन्यांत मुलाला बाजारहाट सांगा, घरच्या हिशेबाची वही त्याच्या हातीं द्या, आजोबांना दवाखान्यांत नेण्याचें काम सांगा. घराला आपला उपयोग निकालावांचूनहि आहे, हें त्याला कामांतून कळूं द्या. शब्दांनीं तें कळत नाहीं.

उमेदवार तरुणांस आमचें सांगणें थोडकें आहे. निकालाची वार्ता संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावी, अन्यत्र नाहीं. निरोपावर बोधचिन्ह आहे, सही आहे, म्हणून तो खरा मानूं नये. चित्र उतरवून घेणें आज लहान मुलासहि जमतें. आपला आसनक्रमांक आणि नोंदणीक्रमांक कोणास देऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं निकाल लागेपर्यंत अफवेच्या भरंवशावर कोणतेंहि दार आपल्या हातानें लावून घेऊं नये. मुलाखत असेल तर जावें. फॉर्म भरावयाचा असेल तर भरावा. "अद्याप निकाल लागलेला नाहीं" हें उत्तर देण्यांत कमीपणा नाहीं. तें खरें उत्तर आहे.

आणि आमच्या शाळेंतील मुलामुलींनो, तुम्हांस वाटेल कीं हें सारें मोठ्या माणसांचें. पण ह्या संवयी लागतात त्या तुमच्याच वयांत. तुमच्या दहावीच्या निकालापूर्वीं वर्गाच्या गटावर "उद्यां निकाल" असा निरोप किती वेळां फिरतो तें तुम्ही आम्हांपेक्षां अधिक जाणतां. पूर्वीं निकालाचे क्रमांक वर्तमानपत्रांत छापून येत. तेव्हांहि अफवा होत्या. पण एका आळींतून दुसऱ्या आळींत जावयास त्यांना पायीं चालावें लागे. आज बोट टेंकविलें कीं त्या शंभर घरीं पोंचतात. म्हणून बोट टेंकविण्यापूर्वीं एकच प्रश्न स्वतःस विचारा: हें मला कोणीं सांगितलें, आणि त्यास कसें ठाऊक? उत्तर आलें नाहीं तर तो निरोप तुमच्यापाशींच संपूं द्या. त्यांत तुमचें कांहीं जात नाहीं, आणि कोणाची तरी रात्र वांचते.

निकालानंतर कांहीं दिवसांनीं तो विद्यार्थी शाळेंत आम्हांस भेटावयास आला. मंडईंतील बोलण्याची आम्हांस फार रुखरुख लागली होती. आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो ओशाळला. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "सर, माफी कसली मागतां? तो 'शंभरांत तीन' चा निरोप मी स्वतःच त्या रात्रीं आणखी एकेचाळीस जणांना पाठविला होता. त्यांतल्या कोणाचें काय झालें तें मला ठाऊक नाहीं."

आम्हांसहि तें ठाऊक नाहीं. परंतु त्या दिवसापासून न्हाव्याच्या दुकानांत ऐकलेली गोष्ट आम्ही न्हाव्याच्या दुकानांतच ठेवून येतों. त्याचा पहिल्या ग्रुपचा निकाल लागावयाचा होता तेव्हां त्याचे वडील पुन्हां मंडईंत भेटले. आम्हीं त्यांस कोथिंबिरीचा भाव विचारला, पावसाची चौकशी केली, आणि निकालाविषयीं एक अक्षरहि काढलें नाहीं. त्यांच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें, तें पाहून आम्हांस वाटलें कीं ह्या खेपेस आपण निदान काठावर तरी उत्तीर्ण झालों.